भरतीरेषेवरचे जंगल आणि त्याचे धनी



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील खारफुटीच्या जंगलाचा इतिहास हा विषय सुचविला. पुलगावाहून तो समुद्र सातशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल तोही एखाद्या मोर्चाच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने मुंबईस गेल्यावर, चौपाटीपुरताच. मग वर्धा नदीच्या काठी बसून खाडीतल्या झाडांची उठाठेव कशासाठी, अशी शंका कोणी काढली तर ती रास्त आहे.

तिचे उत्तर कापसात आहे. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर बाजारात आधीपासूनच होते. पुढे १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. त्या वाटेवर वर्धा नदीचा पूल बांधण्यासाठी मजुरांची जी वस्ती पडली तिच्यातूनच आपले पुलगाव वसले, असे सांगतात. वऱ्हाडाचा आणि वर्ध्याचा कापूस या रुळांवरून मुंबईस जाऊ लागला. कापसाच्या पैशातून, आणि पुढे कापसाच्याच वखारींसाठी, मुंबईचा किनारा भरून काढण्यात आला. आपल्या शेतातल्या मालाने ज्या किनाऱ्याचे रूप पालटले त्याची हकीकत आपण विचारावी, यात काही आगळीक नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. कामगार चळवळीत वावरताना जे वाचले आणि जे पाहिले तेवढीच माझी शिदोरी. पण चळवळीने एक सवय लावली. कोणताही व्यवहार पुढे आला की चार प्रश्न विचारावयाचे: निर्णय कोणी केला, कष्ट कोणी केले, नफा कोणाच्या पदरात पडला, आणि तोटा कोणाच्या माथी बसला? किनाऱ्यावरच्या जंगलाच्या इतिहासालाही मी हेच चार प्रश्न विचारणार आहे.

प्रथम हे जंगल कसे असते ते सांगितले पाहिजे. भरतीला समुद्राचे पाणी खाडीतून आत चढते आणि ओहोटीला उतरते. मधल्या पट्ट्यात गुडघाभर चिखल असतो. त्या चिखलात हवा खेळत नाही, आणि पाणी तर खारे. आपल्याकडची बाभूळ किंवा कडुनिंब तेथे लावला तर महिनाभरात मरेल. परंतु काही झाडांनी या जागीच संसार थाटला आहे. तिवराची मुळे चिखलातून वर बोटभर कोंब काढतात आणि ओहोटी असेल तेव्हा त्यांवाटे श्वास घेतात. अंगात शिरलेले मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. पान जिभेला लावून पाहिले तर खारट लागते. कांदळाचे झाड तिवईसारख्या अनेक आधारमुळांवर उभे असते. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते, त्याला शेंगेसारखा लांब कोंब येतो आणि तो चिखलात पडून उभा राहतो. चिप्पी, मारंडी, गेवा, काजळा ही त्यांचीच भावंडे. आपल्या किनाऱ्यावर अशा सुमारे २० जाती आहेत. ठाणे-मुंबईकडचा माणूस या सर्वांना तिवरे म्हणतो, दक्षिण कोकणातला कांदळ म्हणतो, आणि पुस्तकात खारफुटी किंवा कांदळवन असे लिहितात.

या जंगलाचे काम तीन प्रकारचे आहे. झाडांची पाने चिखलात पडून कुजतात, त्यांवर बारीक जीव पोसतात, आणि त्या जीवांवर कोळंबी, खेकडे आणि माशांची पिले वाढतात. खोल समुद्रातल्या पुष्कळ माशांचे बालपण या मुळांच्या आडोशाला जाते. दुसरे काम गाळ धरून ठेवण्याचे. वरून नदीने आणलेली माती मुळांत अडकते आणि किनारा खचत नाही. तिसरे काम पाण्याला जागा देण्याचे आणि लाटेचा जोर मोडण्याचे. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले तर पाणी प्रथम या खाजणात पसरते. खाजण नसेल तर ते घरांत शिरते. अलीकडच्या काळात चौथेही एक काम ध्यानात आले आहे. चिखलात हवा नसल्याने तेथला पालापाचोळा फार सावकाश कुजतो, आणि त्यातला कार्बन पिढ्यान् पिढ्या जमिनीत अडकून राहतो.

आता इतिहासाकडे वळू. हे जंगल पूर्वी अस्पर्श होते आणि मग पापी माणूस आला, असे चित्र मी रंगविणार नाही. किनाऱ्यावरचा माणूस या झाडांवर पिढ्यान् पिढ्या जगला आहे. तिवराचे लाकूड चुलीत आणि भट्टीत जाई, त्याचा पाला गुरे खात, कांदळाच्या सालीच्या काढ्यात कोळी लोक आपली सुती जाळी मुरवीत म्हणजे ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसत. शेतकऱ्याने तर जंगल हटवून शेतेच केली. आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग आणि पेण या बाजूला, खाजणाभोवती मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवावयाचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढावयाचे आणि मग तेथे खारे सोसणारे भात घ्यावयाचे, ही पद्धत इंग्रजांच्या आधीपासून चालत आली. बांधात उघाडी ठेवीत. ओहोटीला ती उघडली की आतले पाणी बाहेर जाई, भरतीला मिटली की समुद्र बाहेर राही. अशा खारजमिनीतल्या तळ्यांत जिताडा मासा वाढवीत, आणि अलिबाग-पेणच्या जिताड्याचे कौतुक आजही टिकून आहे.

बांध फुटला तर एका भरतीत सर्वांचे भात जाई. म्हणून बांधाची राखण एकट्याने होत नसे. गावाने एकत्र येऊन ती करावयाची, घरटी माणसे द्यावयाची, ही रीत होती, आणि तिला जोळ म्हणत. बांधाच्या बाहेर तिवरांची रांग असली म्हणजे लाटेचा मार बांधावर कमी बसे. म्हणून शहाणा शेतकरी बांधाबाहेरचे तिवर राखी. येथे आपल्या चार प्रश्नांपैकी पहिले दोन जवळजवळ जुळून येतात. बांधाच्या देखभालीचे ठरविणारे आणि चिखलात उतरणारे हात एकाच गावाचे होते.

परंतु नफ्याचा प्रश्न विचारताच गाडी अडते. बांध बांधणारे कूळ होते आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जात होता. याच अन्यायातून अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली शेतकऱ्यांचा संप उभा राहिला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. चरीच्या आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी खोताची जमीन कसावयाचे नाकारले, आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. आपल्यासारख्या गिरणीच्या गावातल्या माणसाला सहा महिन्यांचा संप म्हणजे काय असते ते सांगावे लागत नाही. सहा वर्षांची कल्पना आपणच करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. हा लढा खाऱ्या जमिनीच्या किनाऱ्यावर झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईत घडले ते निराळ्या मापाचे. सात बेटांच्या मधली जागा भरतीला पाण्याखाली जाई आणि ओहोटीला दलदल होई. १७८४ च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबी याच्या काळात वरळीजवळचे समुद्राचे खिंडार बांध घालून बंद करण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांधरस्ता झाला. १८४५ साली लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीमचा बांधरस्ता झाला, आणि मिठी नदीच्या तोंडाशी पहिला मोठा अडथळा उभा राहिला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. तिचाही मार्ग शीव-कुर्ल्याकडच्या दलदलीतून भराव घालूनच नेला होता.

त्यावर कापसाचा पैसा आला. अमेरिकेतल्या युद्धाच्या चार वर्षांत मुंबईत इतके सोने-चांदी आले की ते कोठे गुंतवावे हे व्यापाऱ्यांना कळेना. मग समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबेची कंपनी, कुलाब्याची कंपनी, माझगावची कंपनी, एल्फिन्स्टन कंपनी. एकीचे भाग विकत घेण्यासाठी दुसरीचे भाग गहाण पडू लागले. प्रेमचंद रायचंद या बाजाराचे सूत्रधार होते. युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्याच्या दिवशी, सारा डोलारा खाली आला. कंपन्या बुडाल्या, पण किनाऱ्यावर टाकलेला भराव मात्र राहिला. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि पूर्वेकडचा किनारा पद्धतशीरपणे भरला जाऊ लागला. १९०८ ते १९१२ च्या दरम्यान माझगाव-शिवडीचा मोठा भराव झाला, आणि १९२० च्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्याहून या भरावावर हलला. त्या स्थानकाचे नाव आजही कॉटन ग्रीन आहे. चिखलाच्या पाटावर गोदामे उभी राहिली आणि त्यांत आपल्या वऱ्हाडच्या गाठी रचल्या गेल्या. त्याला लागून जो चिखल शिल्लक राहिला तेथे, शिवडीच्या बाजूला, हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.

येथे चार प्रश्नांची उत्तरे काय येतात? निर्णय गव्हर्नराने, कंपनीने आणि ट्रस्टने केला. टोपल्या वाहिल्या मजुरांनी. नफा जमिनीच्या आणि गोदामांच्या मालकांना झाला. तोटा झाला तो कोळ्याचा, ज्याची जाळी लावण्याची जागा एका भरावाखाली गेली आणि ज्याला त्या सौद्यात कोणी विचारले नाही.

१९३० साल हे जंगलाच्या धनीपणाचा प्रश्न देशभर उघड विचारणारे ठरले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी आपल्या विदर्भात पुसदला जंगल सत्याग्रह केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण खाडीच्या बाजूला चिरनेर येथे आगरी, कातकरी व इतर लोक जंगलात शिरले. तेथे गोळीबार झाला आणि सत्याग्रही मृत्युमुखी पडले. वडाळ्याच्या मिठागरांवर याच वर्षी सत्याग्रहींनी धाडी घातल्या. गवत, लाकूड आणि मीठ. तिन्ही गोष्टी गावाच्या हाताशी होत्या आणि तिन्हींवर सरकारचे कुलूप होते. त्या पिढीने जंगल तोडण्याचा हक्क मागितला असे काहींना वाटते. मला वाटते, त्यांनी जंगलाच्या कारभारात आपला आवाज मागितला.

स्वराज्य आले. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी यंत्रणेकडे गेली. हेतू चांगला होता, कारण गरीब कुळाला मोठा बांध परवडत नसे. परंतु जोळ मोडली, आणि बांध फुटला की अर्ज करावयाचा व मंजुरीची वाट पाहावयाची, अशी स्थिती झाली. दुसरीकडे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तुर्भे येथे १९५४ व १९५५ साली तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने उभे राहिले आणि मागोमाग इतर कारखाने आले. त्यांनी हजारो माणसांना पगार दिला, हे मी विसरू शकत नाही. त्यांचे तेल आणि सांडपाणी ठाण्याच्या खाडीत गेले, हेही खरे. मिठी नदीच्या मुखाशी जी दलदल होती तिच्यावर १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी झाली, आणि देशातल्या सर्वांत महागड्या कचेऱ्यांपैकी काही आज तेथे आहेत.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण व ठाणे तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाजणे, सारे त्यात आले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन ५ माणसे मेली. त्यानंतरच विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ शेतकऱ्याला द्यावा, हे तत्त्व मान्य झाले. परंतु कोळ्याच्या नावावर सात-बारा नसतो. भरतीच्या पाण्याचा उतारा कोणत्या तलाठ्याने द्यावा? १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. खाडीची तोंडे आणि तिवरांची बने भरावाखाली गेली, तेव्हा तेथे मासे धरणारा माणूस कोणत्याही यादीत बसेना. तो पुढे स्वतः लवादापुढे उभा राहिला. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. त्याविरुद्ध अपिले झाली, आणि कोर्टाची वाट किती लांब असते हे कामगारांना सांगावयास नको. तरीही तिवर गेले म्हणजे माणसाची मजुरी जाते, हे तत्त्व त्या निकालाने कागदावर आणले.

मुंबईने याची किंमत एका दिवसात मोजली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पावसाचा दोष कोणाला देता येत नाही. परंतु मिठीचे पात्र आवळलेले, तोंडाशी भराव, आणि वरून भरती. पाण्याने कुर्ला, कलिना, वांद्रे येथल्या वस्त्यांत वाट काढली. शहरात शेकडो माणसे मेली. पाण्याच्या वाटेवर जी घरे होती त्यांतली पुष्कळ कष्टकऱ्यांची होती. संकुलातला चिखल चार दिवसांत धुतला गेला. झोपडीतला संसार धुऊन पुन्हा उभा राहत नाही.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. १९९९ साली ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले आणि हजारो माणसे मृत्यू पावली. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेन्ट या दोन अभ्यासकांनी केंद्रपाडा जिल्ह्यातली गावे तपासून २००९ साली दाखवून दिले की ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा होता तेथे मृत्यू कमी झाले. झाडांचा पट्टा गावाच्या नावावर नसतो, पण वादळाच्या रात्री तो गावासाठीच उभा असतो.

कायदा हळूहळू जागा झाला. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटीला सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले. परंतु अधिसूचना कचेरीत राहिली आणि भराव रात्रीचे पडत राहिले. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने जनहित याचिका केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर तिवरे तोडण्यास व त्यांवर भराव टाकण्यास मनाई केली. तिवरांभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम नको, आणि सरकारी जमिनीवरील तिवरे संरक्षित वन म्हणून जाहीर करा, असे सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने हे जंगल नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला घालणे होय, असे मत नोंदविले. २०१२ साली सरकारने कांदळवन कक्ष नावाची स्वतंत्र शाखा काढली. २०१५ साली ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ती खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली. २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

२०२३ च्या वनस्थिती अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. आपला वर्धा जिल्हा त्याच्या वीसपट मोठा आहे, यावरून त्या पट्ट्याचे माप ध्यानात यावे. एवढ्याशा जंगलावर किनाऱ्याच्या सर्व खाड्यांची मासेमारी आणि मुंबईसारख्या शहराची सुरक्षितता टेकलेली आहे. आणि कायदा असूनही सार्वजनिक कामाच्या नावाखाली ते कमी होतच आहे. अहमदाबादला जाणाऱ्या अतिवेगवान रेल्वेसाठी सुमारे २२,००० खारफुटीची झाडे तोडण्याची परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाला द्यावी लागली.

येथवर जे सांगितले ते संरक्षणाच्या बाजूचे झाले. पण नाण्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. रायगडच्या किनाऱ्यावर फुटलेले बांध वेळेवर दुरुस्त झाले नाहीत, समुद्र शेतात शिरला आणि भाताच्या जमिनीत तिवरे उगवली. कायद्याप्रमाणे आता ती तोडता येत नाहीत. नकाशावर जंगल वाढले म्हणून टाळी वाजते. शेतकऱ्याच्या लेखी त्याचे शेत बुडाले. बांध न दुरुस्त करण्याचा निर्णय त्याचा नव्हता, तोटा मात्र त्याचा. अशा माणसाने तिवराकडे शत्रू म्हणून पाहिले तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

याहून वाईट उदाहरण बंगालचे आहे. फाळणीचे निर्वासित दंडकारण्यातल्या वसाहती सोडून १९७८ साली सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर जाऊन राहिले. राखीव जंगल म्हणून १९७९ साली त्यांना नाकेबंदी करून आणि पोलीस घालून हुसकण्यात आले, आणि त्यात अनेक जीव गेले. सरकार डाव्या पक्षांचे, म्हणजे कष्टकऱ्यांचे म्हणविणारे होते. म्हणून हे उदाहरण आम्ही लोकांनी तर मुळीच झाकू नये. जंगल राखण्याचा अर्थ गरिबाला हाकलणे असा झाला, तर गरीब जंगलाचा वैरी होतो, आणि मग ते जंगल कोणताही पहारेकरी राखू शकत नाही.

उलट, जेथे लोकांना त्यात वाटा मिळाला तेथे चित्र निराळे आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया होड्यांतून प्रवाशांना कांदळवन दाखवितात आणि त्यावर आपला संसार चालविण्यास हातभार लावतात. २०१७ पासून राज्याने कांदळवनालगतच्या गावांसाठी खेकडे, कालवे आणि जिताडा पालनाची योजना सुरू केली. या गोष्टी अजून लहान आहेत. परंतु ज्या स्त्रीची रोजची मिळकत त्या झाडांवर आहे तिच्या डोळ्यांदेखत रात्रीचा डंपर रिकामा करणे सोपे नाही.

आता मुंबईतल्या कामगाराच्या घराचा प्रश्न. भांडुप, कांजूर, मुलुंड येथे मिठागरांच्या मोकळ्या जमिनी उरल्या आहेत. २०२४ साली त्यांपैकी सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घेण्यास राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. यावर बोलताना माझ्यासारख्याची जीभ जड होते. घर ही कामगाराची जुनी मागणी आहे, आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला पाणथळीचे महत्त्व सांगणे सोपे नाही. पण इतिहास येथे एक आठवण करून देतो. मुंबईत गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमाने तिचा एक तृतीयांश भाग घरांसाठी आणि एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी मिळावयाचा होता. २००१ साली नियम बदलून तो हिशेब फक्त रिकाम्या जागेपुरता करण्यात आला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. शहराच्या मध्यभागची, आपल्याच कापसावर उभी राहिलेली जमीन मॉल आणि मनोरे यांना गेली. कामगारासाठी उरली ती भरतीरेषेजवळची जमीन. घर हवे की खाजण हवे, असा प्रश्न आपल्यापुढे ठेवला जातो तेव्हा तिसरी जमीन कोठे गेली, हे आधी विचारले पाहिजे. जो पर्याय २६ जुलैच्या पाण्यात उभा राहू शकत नाही तो पर्याय गरिबाला देणे ही सवलत नव्हे.

शेवटी पुन्हा आपल्या नदीकडे येतो. वर्धा नदी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रात काकिनाड्याजवळ समुद्राला मिळते. त्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे. १९७८ पासून ते अभयारण्य आहे. खारफुटीला नुसते खारे पाणी पुरत नाही, वरून येणारे गोडे पाणी आणि गाळही लागतो. पुलगावच्या पुलाखालून वाहून जाणाऱ्या मातीतला काही भाग पूर्वी त्या जंगलाच्या पायाशी पोहोचत होता. आता वाटेत धरणे आहेत, वाळूचा उपसा आहे, आणि गोदावरीच्या मुखाशी पोहोचणारा गाळ पुष्कळ घटला आहे. म्हणजे कापसाने आपल्याला पश्चिमेच्या किनाऱ्याशी बांधले, तसे नदीने पूर्वेच्या किनाऱ्याशी बांधले आहे. नदीच्या पात्रातून वाळू उपसण्याचा ठेका कोणाला द्यावयाचा, कारखान्याचे पाणी कोठे सोडावयाचे, हे प्रश्न आपल्या नगरपरिषदेत आणि ग्रामसभांत येतात. तेथे आपण गप्प बसलो तर किनाऱ्यावरच्या माणसाला उपदेश करण्याचा आपल्याला हक्क नाही.

कामगार चळवळीने आठ तासांचा दिवस मिळविला, तेव्हा मालकांनी सांगितले होते की धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही. भरतीरेषेवरचे जंगल राखले तर शहर बुडेल, असेही आज सांगितले जाते. २००५ साली शहर कशामुळे बुडाले ते आपण पाहिले. माझी मागणी लहान आहे. किनाऱ्यावर भराव टाकण्याचा किंवा जंगल राखण्याचा, कोणताही निर्णय होताना त्या टेबलाशी कोळी, आगरी, खारजमिनीचे शेतकरी आणि मिठागरांचे मजूर यांना जागा असावी; निर्णयाने कोणाची रोजी गेली तर भरपाई आधी व्हावी, काम नंतर; आणि बांधांच्या देखभालीचे काम गावाच्या हाती, गावाला मजुरी देऊन, परत यावे. चार प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाजवळ आली, म्हणजे निर्णय, कष्ट, नफा आणि तोटा यांचा धनी एकच झाला, तर तो आपल्या दारातले झाड विनाकारण तोडणार नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे उपास काढून याच्या अर्ध्या वाटेपर्यंत आपल्याला आणून सोडले आहे. उरलेली अर्धी वाट चालावयाची आहे.